बर्फाच्या खणाखालच्या फळ्या: एका लाकडी ट्रॉलरच्या दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागात, खाडीच्या मुखाशी असलेल्या एका बंदरातली ही बोट. लांबी सुमारे ४५ फूट, अंग सागाचं, सहा सिलिंडरचं इंजिन. बांधून वीसेक वर्षं झालेली. नोंदणी आईच्या नावावर आहे. थोरला मुलगा तांडेल म्हणून बोट समुद्रात नेतो. धाकटा बंदरावरची बाजू सांभाळतो: बर्फ, डिझेल, लिलाव, खलाशांची उचल, हिशेब. वडील गेल्यापासून कामाची ही वाटणी ठरलेली आहे. त्यांच्या मच्छीमार सोसायटीत कर्जाच्या कागदांचं काम मी पाहतो, त्यामुळे प्रकरण पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर घडलं. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि रकमा गोल केल्या आहेत.

गोष्ट २०२३ च्या पावसाळ्यातली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. या ६१ दिवसांत वर्षभराची सगळी दुरुस्ती उरकायची असते, आणि तीही भर पावसात. त्या वर्षी मात्र मोसमी पाऊस उशिरा आला. केरळात तो ८ जूनला पोचला, दक्षिण कोकणात ११ जूनला, आणि पुढे दोन आठवडे जवळपास तिथेच अडकून राहिला. बिपरजॉय वादळाच्या लाटा किनाऱ्यावर आदळत होत्या, पण बोटी तोवर वर ओढून झाल्या होत्या. जूनचे हे कोरडे दिवस पुढे फार उपयोगी पडले.

अडचण

आधीचा हंगाम वाईट गेला होता. बोट जाळं ओढताना दमते, डिझेल जास्त पितं, तळात पाणी येतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसाची मासळी लिलावात खालच्या दराने जाते, अशा चार तक्रारी होत्या. पाचवी तक्रार धाकट्याची होती: बोट जुनाट दिसते.

ही पाचवी तक्रार मी हलकी मानत नाही. बंदरात दोन नव्या फायबरच्या बोटी आल्या होत्या. गुळगुळीत अंग, रंगीत पट्टे, केबिनभोवती एलईडीच्या माळा. आपल्याकडे खलाशी हंगामाच्या तोंडावर ठरतात, बरेचसे नेपाळमधून येतात, आणि ज्याला निवडायला वाव आहे तो चांगली दिसणारी बोट निवडतो असं धाकट्याचं म्हणणं. शिवाय व्यापारी बोट बघून उचल देतो. दिसण्याला बंदरात किंमत आहे, आणि ती पैशात मोजली जाते. हे त्याने मला आकड्यांसह सांगितलं होतं. त्याचा मुद्दा खोडून काढायला नुसतं ‘रंगाने काय होतं’ पुरेसं नव्हतं.

हाताशी साडेपाच लाख रुपये होते. त्यातले निम्मे घरचे, बाकी कर्जाचे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय धाकट्याने आणला. बोटीला बाहेरून संपूर्ण फायबर चढवायचं, वर नवा रंग, केबिनचा दर्शनी भाग नवा, दिवे नवे. खर्च साडेसहा ते सात लाख. कमी पडणारी रक्कम एक व्यापारी द्यायला तयार होता, पण हंगामभर मासळी त्यालाच घालायची, दर तो ठरवणार. फायबर चढवलं की पाणी येणं थांबेल आणि बोटही नव्यासारखी दिसेल, म्हणजे एका खर्चात दोन्ही कामं, असा त्याचा हिशेब होता. बाहेरून बघणाऱ्याला तो पटण्यासारखाच होता.

दुसरा पर्याय थोरल्याच्या मनात होता: जास्त ताकदीचं इंजिन. बोट ओढत नाही, तर इंजिन कमी पडतंय. जुनं विकून बदली घेतलं तरी सात-आठ लाख लागणार होते.

तिसरा पर्याय विकून टाकण्याचा. त्यावर दहा मिनिटांच्या पुढे बोलणं गेलं नाही.

आईसमोर बैठक झाली तेव्हा दोघं भाऊ आपापला पर्याय घेऊन बसले होते. त्यांच्या आईने, म्हणजे आमच्या काकींनी, दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमचे बाबा बोट वर चढवली की आधी खणात पाणी भरून बघायचे. ते बघितलंत काय?”

कुणी बघितलं नव्हतं. या प्रश्नाने पुढचं सगळं बदललं.

पाहणी

बर्फाच्या खणात, म्हणजे मासळी बर्फात ठेवायच्या कप्प्यात, हातभर पाणी भरलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी पातळी खाली गेली होती, आणि बाहेरून तीन फळ्यांच्या सांध्यांतून पाणी पाझरत होतं. मिस्त्रींनी आत उतरून खणाचं अस्तर एका कोपऱ्यात उचकटलं. आतलं थर्माकोल पाण्याने जड झालं होतं. त्याखालच्या फळीत टोच्या घातला तर तो अर्धा इंच सहज आत गेला.

समुद्रात राहणारी बोट खाऱ्या पाण्याने कुजत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात मीठ लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला रोखतं. बोटीचं लाकूड कुजतं ते बहुधा गोड्या पाण्याने: पावसाच्या, आणि बर्फाच्या. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिली आणि हवा खेळत नसली की बुरशीला वाव मिळतो. इथे खणातला बर्फ वितळत होता, पाण्याला वाट देणारी नळी गाळाने तुंबली होती, आणि ते गोडं पाणी फुटलेल्या अस्तरातून फळ्यांवर झिरपत होतं. फळ्याही मूळच्या सागाच्या नव्हत्या. काही वर्षांपूर्वीच्या एका घाईच्या दुरुस्तीत तिथे स्वस्त लाकूड बसवलं होतं आणि ते वरून रंगवून टाकलं होतं.

म्हणजे चारपैकी दोन तक्रारी एकच निघाल्या. थर्माकोल ओलं झाल्यामुळे उष्णता अडत नव्हती, म्हणून बर्फ तिसऱ्या दिवशी संपत होता आणि तळची मासळी मऊ पडत होती. तोच वितळलेला बर्फ फळ्या कुजवत होता, म्हणून तळात पाणी येत होतं. आपल्या हवेत मासळीइतकाच बर्फ, किलोला किलो, लागतो असं धरतात. खण नीट नसला तर तेवढ्यानेही भागत नाही.

फायबरचा पर्याय इथेच मागे पडला. बाहेरून फायबर चढवलं असतं तर ओल आत कोंडली गेली असती. ओल्या अंगावर रेनकोट घालण्यासारखं ते झालं असतं. त्यात या कामाला सहसा पॉलिएस्टर रेझिन वापरतात, आणि ते ओलसर, तेलकट सागावर नीट धरत नाही. इपॉक्सी चांगलं धरतं, पण महाग, आणि त्यालाही कोरडं लाकूड लागतं. फायबरला माझा विरोध नाही. कोरड्या, निरोगी लाकडावर कोरड्या दिवसांत ते चढवलं तर लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून उत्तम संरक्षण मिळतं. जुलैच्या पावसात, कुजक्या फळ्यांवर, फक्त दिसण्यासाठी ते चढवणं म्हणजे पुढच्या मोठ्या खर्चाची पायाभरणी होती. दोन-तीन हंगाम बोट झकास दिसली असती आणि आतून कुजत राहिली असती, आणि बाहेरून ते कुणाला कळलंही नसतं. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. पाणी येणाऱ्या बोटीत माणूस सावध असतो, रात्री उठून तळ बघतो. बाहेरून कोरड्या, गुळगुळीत बोटीत तो झोपतो.

इंजिनाचंही तसंच झालं. फिटरने आधी पंखा, म्हणजे बोटीला पाण्यात पुढे ढकलणारा प्रोपेलर, उतरवला. पात्यांच्या कडा खाल्लेल्या, एक टोक वाकलेलं, आणि जस्ताचे ठोकळे पूर्ण झिजून गेलेले. वेगवेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांशी जोडलेले असले की जस्त आधी झिजतं आणि पंखा वाचतो. जस्त संपलं की पंख्याची पाळी. शिवाय तो पंखा दुसऱ्या बोटीवरून आणलेला, व्यासाने लहान होता. जाळं ओढताना ट्रॉलर दोन-तीन नॉटच्या वेगाने चालतो. त्या वेगाला मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा हवा. लहान पंखा नुसता गरगरतो, डिझेल जळतं, पण ओढ मिळत नाही. फिटर थोरल्याला म्हणाला, “भाऊ, इंजिन चांगलं आहे. ताकद पाण्यात पोचत नाही, एवढंच.” थोरल्याने त्या दिवसापासून नव्या इंजिनाचा विषय काढला नाही.

काय केलं

क्रम असा ठरला: आधी कुजकं लाकूड, मग खण, मग पंखा आणि शाफ्ट (इंजिनाला पंख्याशी जोडणारा दांडा), मग पंप, आणि शेवटी जे उरेल त्यात रंग.

जूनच्या कोरड्या दिवसांत बोटीवरचं शाकारलेलं प्लास्टिक दिवसा बाजूला काढून, खणाचं अस्तर उचकटून लाकूड वाळू दिलं. सात फळ्या बदलल्या, यावेळी सागाच्याच. सांध्यांत सुताची वात ठोकून वरून भरण घातलं. खणाला पफचं (उष्णता अडवणाऱ्या फोमचं) अस्तर, त्यावर आतून फायबरचा गुळगुळीत थर, आणि पाण्याला उतार देऊन एका ठिकाणी निचरा. फायबर शेवटी वापरलंच, पण खणाच्या आत, जिथे ते धुता येतं आणि वितळलेलं पाणी लाकडापर्यंत जाऊ देत नाही. योग्य मापाचा पंखा, शाफ्टचा बुश, ग्लँडचं पॅकिंग (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथून पाणी आत येऊ न देणारं), जस्ताचे नवे ठोकळे. तळाला तांबेयुक्त रंगाचे दोन हात. तो रंग दिसण्यासाठी नसतो. त्यामुळे तळाला चिकटणारे बार्नेकलसारखे कवचाचे जीव आणि शेवाळ धरत नाही, आणि तळ स्वच्छ असला की डिझेल कमी लागतं. रंगावर काट मारायची म्हणून काही जण यातही हात आखडतात. तसं करू नये.

दुसरा निर्णय खलाशांबद्दल. धाकट्याचा मुद्दा तसाच होता: जुन्या बोटीवर माणसं येतील का? त्याने या बोटीवर अनेक हंगाम केलेल्या एका खलाशाला फोन लावून सरळ विचारलं. उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. केबिनचं छप्पर गळतं, अंथरूण ओलं होतं, रात्री पंप बंद पडला की बादलीने पाणी उपसावं लागतं. माणसं त्यामुळे सोडून जातात. रंगाचं नाव त्याने काढलं नाही. केबिनच्या दर्शनी भागासाठी ठेवलेले पैसे मग छपराच्या दुरुस्तीला आणि दुसऱ्या, बॅटरीवरच्या पंपाला गेले. ही चौकशी धाकट्याने स्वतः केली, स्वतःच्या मताविरुद्धचं उत्तर स्वीकारलं आणि पैसे तिकडे वळवले. या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ती.

एलईडीच्या माळांवर मात्र वाद झाला. धाकट्याला निदान केबिनच्या कडेला रंगीत पट्टी हवी होती. थोरला अडून बसला, आणि त्याचं बरोबर होतं. रात्री डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा आणि जाळं ओढताना वर हिरवा आणि खाली पांढरा, हे दिवे बघून समोरचं मालवाहू जहाज ठरवतं की ही बोट कुठल्या दिशेने चालली आहे आणि तिच्यामागे जाळं आहे की नाही. त्यात शोभेचे लाल-हिरवे दिवे मिसळले तर ते जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्याला काय दिसणार? कोकणासमोरच्या समुद्रात मोठ्या जहाजांची ये-जा कायम असते. पट्टी आली नाही. नियमाचे दिवे मात्र नवे बसवले.

तिसरा निर्णय तारखेचा. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला होती, बंदी उठल्यावर पूर्ण महिन्याने. एवढ्या मोठ्या बोटीला खाली आणायला उधाण, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येची मोठी भरती, लागतं. १ ऑगस्टची अधिक श्रावणातली पौर्णिमा कामामुळे हुकली. पुढची संधी १६ ऑगस्टच्या अमावस्येची, त्यानंतर थेट नारळी पौर्णिमा. धाकट्याचं म्हणणं, पंधरा दिवस थांबून रंग पुरा करू आणि पूजेला बोट सजवूनच उतरवू. थोरल्याचं म्हणणं, वरचा रंग बोट पाण्यात असतानाही देता येतो, आणि नव्या फळ्यांना पाण्यात फुगून सांधे घट्ट बसायला काही दिवस लागतातच. काकींनी अमावस्येचं उधाण धरायला सांगितलं. अट एकच: पौर्णिमेला नाळ (बोटीचं पुढचं टोक) रंगवलेली आणि नाव नीट लिहिलेलं पाहिजे.

बोट उतरली तेव्हा वरच्या अंगाला प्रायमर आणि रंगाचा एकच हात होता. नोंदणी क्रमांक आणि राज्याने ठरवून दिलेला रंग एवढं नियमाप्रमाणे पुरं केलं होतं. नव्या बोटींच्या शेजारी ती उभी राहिली तेव्हा धाकट्याला वाईट वाटलं, आणि तसं तो बोललाही. नारळी पौर्णिमेला नाळ झळझळीत होती. नारळ काकींच्या हातून वाहिला गेला.

निष्पत्ती

खर्च पाच लाख ऐंशी हजारांवर गेला. वरचे तीस हजार नातेवाइकांकडून आले. व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागली नाही, म्हणून मासळी खुल्या लिलावात घालता आली. हा फायदा सुरुवातीच्या हिशेबात कुणी धरलाच नव्हता, आणि हंगामाच्या शेवटी तो सर्वांत मोठा निघाला.

चार दिवसांच्या फेरीत बर्फ शेवटपर्यंत टिकू लागला. कोळंबी आणि म्हाकूळ वरच्या प्रतीत जाऊ लागली. डिझेल फेरीमागे साधारण आठव्या हिश्शाने उतरलं. त्यातलं किती नव्या पंख्यामुळे, किती स्वच्छ तळामुळे आणि किती थोरल्याने जाता-येता वेग थोडा कमी ठेवल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. वेगाचा वाटा मोठा असावा असं माझं मत, कारण बोटीचा वेग थोडा वाढवायला इंजिनाची ताकद त्याच्या कितीतरी पट लागते. तळातलं पाणी जवळपास थांबलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच फेरीत शाफ्टचा ग्लँड तापला आणि बोट अर्ध्यातून परत आणावी लागली. दोन खलाशी हंगामाआधीच शेजारच्या नव्या बोटीवर गेले होते, त्यातला एकच परत आला. आणि मार्चपर्यंत उजव्या अंगाचा रंग पापुद्र्यांनी सुटायला लागला.

वेगळं काय करता आलं असतं

ग्लँड तापला त्याचं कारण साधं होतं. इंजिन आणि शाफ्टची रेष जमिनीवर जुळवली होती. लाकडी बोट ओंडक्यांवर उभी असताना तिचा आकार वेगळा असतो. पाण्यात दोन-चार दिवस राहिल्यावर ती आपला आकार घेते. शेवटची जुळणी त्यानंतर करायची असते. फिटरला हे माहीत होतं, पण त्याला परत बोलावण्याचा खर्च यादीत नव्हता आणि थोरल्याला बाहेर पडायची घाई होती. अशा दुरुस्तीत फिटरची दुसरी खेप आधीच अंदाजपत्रकात लिहून ठेवावी.

रंगाचं दुखणं जुलैचं. उजवं अंग पावसाच्या माऱ्याच्या बाजूला होतं. तिथलं लाकूड वाळलं नव्हतं आणि तरी प्रायमर मारला. लाकडाच्या वरच्या अंगाचा रंग काही निव्वळ शोभेचा नसतो. फळ्यांची टोकं आणि सांधे त्याच्यामुळेच पावसाच्या पाण्यापासून वाचतात. खर्च आणि वेळ वाचवताना रंगाची दोन कामं वेगळी करायला हवी होती: सांधे आणि फळ्यांची टोकं कोरड्या जूनमध्येच बंद करून घ्यायची, पट्टे आणि नक्षी मागे ठेवायची. घरात ‘रंग’ हा एकच शब्द वापरला गेला आणि सगळाच रंग यादीच्या तळाला गेला. धाकट्याच्या आग्रहात इतका भाग बरोबर होता, आणि तो कुणी वेगळा काढला नाही.

खलाशांना फोन जुलैत झाला. मे महिन्यात, माणसं गावी जायच्या आधी विचारलं असतं तर केबिनचं छप्पर आणि पंप पहिल्या यादीत आले असते, आणि जाणाऱ्या दोघांना दुरुस्ती होणार आहे हे कळलं असतं.

आणि खणाची पाहणी. पाणी भरून बघायला काही खर्च नाही, एक रात्र लागते. वडील गेल्यावर तांडेलकी एकाकडे आणि हिशेब दुसऱ्याकडे गेला. बोट वर चढवल्यावरची ही तपासणी मात्र कुणाच्याच वाट्याला आली नव्हती. आता ती थोरल्याकडे आहे, आणि काय आढळलं ते धाकटा वहीत लिहितो.

२०२४ च्या बंदीत उजवं अंग खरवडून, वाळवून पुन्हा रंगवलं. या वेळी धाकट्याला हवे होते ते निळे-पांढरे पट्टेही आले. सोसायटीने लाकडातली ओल मोजायचं छोटं यंत्र घेतलं आहे. बोट वर चढली की ते आळीपाळीने फिरतं, आणि त्यावरचा आकडा आता कर्जाच्या अर्जात लिहायला मी सांगतो.